ट्रायथलॉनच्या कागदावर सही करण्यापूर्वी

दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये माध्यमिक शाळेतले एक शिक्षक दवाखान्यात आले. वय ४६. ताप नाही, खोकला नाही, उलट चेहऱ्यावर उत्साह. "डॉक्टर, तपासायचे काही नाही, फक्त एक सही हवी." गोव्याच्या ट्रायथलॉनसाठी त्यांनी नाव नोंदवले होते, पैसेही भरून झाले होते. स्पर्धा ऑक्टोबरमध्ये. घरून एकच अट होती : डॉक्टरांनी लिहून दिले तरच जायचे. सर दोन वेळा अर्धमॅरेथॉन धावलेले होते. त्यामुळे सहीला हरकत कसली, असे त्यांना वाटणे साहजिकच होते.

ट्रायथलॉन म्हणजे पोहणे, सायकल आणि धावणे, एकापाठोपाठ एक, मध्ये विश्रांती नाही. कपडे-बूट बदलण्यात जातो तो वेळही घड्याळात धरला जातो. लांब पल्ल्याच्या पूर्ण स्पर्धेत ३.८ किलोमीटर पोहायचे, १८० किलोमीटर सायकल चालवायची आणि शेवटी ४२.२ किलोमीटर धावायचे असते. हे सारे साधारण १७ तासांत. १९७८ साली हवाई बेटांवर ही स्पर्धा पहिल्यांदा झाली तेव्हा १५ जण उतरले आणि १२ जणांनी ती पुरी केली. आपल्याकडे २०१९ साली गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर निम्म्या अंतराची स्पर्धा झाली. त्यात १.९ किलोमीटर समुद्रात पोहणे, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणे, साडेआठ तासांच्या आत. तेव्हापासून आपल्या भागातील शिक्षक, व्यापारी, पोलीस, माझे काही डॉक्टर मित्रसुद्धा पहाटे सायकली घेऊन बाहेर पडू लागले आहेत. चांगली गोष्ट आहे. मधुमेहाचे रुग्ण रोज पाहणाऱ्या डॉक्टरला माणसे हलू लागली याचा आनंदच होणार.

तर सरांना मी बसवून घेतले. वडिलांविषयी विचारले. वडील ५४ व्या वर्षी हृदयविकाराने गेलेले. रक्तदाब मोजला तर १५२/९६. "जिना चढून आलो म्हणून असेल," सर म्हणाले. दहा मिनिटांनी पुन्हा मोजला, दोन दिवसांनी पुन्हा बोलावून मोजला. आकडा फारसा हलला नाही. सही बाजूला राहिली आणि मी त्यांना हृदयरोगतज्ज्ञांकडे पाठवले. सर नाराज झाले, हे सांगायला हवे.

इतकी खबरदारी कशासाठी? अमेरिकेत १९८५ ते २०१६ या काळात ट्रायथलॉनमध्ये झालेले मृत्यू आणि हृदय बंद पडण्याच्या घटना काही डॉक्टरांनी गोळा करून २०१७ साली प्रसिद्ध केल्या. एकूण घटना १३५. सहभागी झालेल्यांच्या मानाने प्रमाण अल्प, लाखात दोनाहूनही कमी. पण तपशील पाहण्याजोगा आहे. त्यातील बहुसंख्य पुरुष होते, सरासरी वय ४६ च्या पुढे. आणि १३५ पैकी ९० घटना पोहताना घडल्या, म्हणजे स्पर्धेच्या अगदी पहिल्या टप्प्यात, अंग दमण्याच्या आधीच. ज्यांचे शवविच्छेदन अहवाल मिळाले, त्यांपैकी बऱ्याच जणांच्या हृदयात आधीपासूनचा दोष आढळला.

पोहण्यातच का, याचे एक कारण साधे आहे. धावताना छातीत जड वाटले तर माणूस थांबतो, रस्त्याच्या कडेला बसतो. पाण्यात बसायला जागा नसते. त्यात सुरुवातीची गर्दी, कुणाचा पाय तोंडावर, नाकात खारे पाणी, आणि छाती धडधडत असते ती वेगळीच. तलावाच्या तळाशी आखलेली काळी रेघ समुद्रात नाही. मान वर करून दूरचा तरंगता खुणेचा फुगा शोधावा लागतो. आपल्याकडे विहिरीत सूर मारून पोहायला शिकलेले पुष्कळ आहेत, पण विहिरीतले पोहणे हे काठाजवळचे पोहणे. २५ मीटरच्या तलावात न थांबता ७६ फेऱ्या झाल्या की १.९ किलोमीटर होतात. तेवढे सहज जमू लागल्यावर जाणत्या माणसाच्या सोबतीने मोठ्या पाण्यात उतरावे, एकट्याने कधीही नाही. स्पर्धेत घाबरल्यासारखे झाले तर उताणे होऊन तरंगावे आणि हात वर करावा. बचावाच्या होडीला धरून श्वास घेता येतो. होडी धरून पुढे सरकायचे नाही, एवढाच नियम. ही सवलत ठाऊक नसल्यामुळे माणसे उगीच झुंजत राहतात. पोहताना अचानक दम लागून खोकला आला, फेसाळ किंवा गुलाबी थुंकी पडली तर मात्र ती छातीत पाणी झाल्याची खूण असू शकते. ताबडतोब बाहेर यावे, स्पर्धा तिथेच सोडावी.

सरांच्या ई.सी.जी.मध्ये दोष नव्हता. ट्रेडमिलच्या चाचणीत रक्तपुरवठा कमी पडत असल्याची खूण दिसली नाही, पण रक्तदाब भलताच चढला. सोनोग्राफीसारखी हृदयाची जी तपासणी असते, त्या इकोमध्ये हृदयाची भिंत किंचित जाड आढळली. ट्रेडमिलची चाचणी चांगली आली म्हणजे हृदयाची हमी मिळाली असे नाही, हेही लक्षात असू द्यावे. चाळिशी ओलांडलेल्या, घरात हृदयविकार, मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या, तंबाखू-सिगारेट ओढलेल्या माणसाने एवढी तपासणी करूनच उतरावे. श्रम करताना कधी छातीत दडपण आले असेल, अंधारी आली असेल, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखले असेल, तर वय कितीही असो, आधी तपासणी.

त्या वर्षी सर गेले नाहीत. भरलेले पैसे बुडाले. गोळी सुरू झाली, जेवणातले लोणचे-पापड कमी झाले. गोळीची निवडही विचारपूर्वक करावी लागते. लघवी वाढवणारी गोळी उन्हात शरीरातले पाणी आणि मीठ आणखी घालवते, तर काही गोळ्या नाडीच वाढू देत नाहीत आणि खेळाडू लवकर दमतो. म्हणून आपण काय करणार आहोत हे डॉक्टरांना आधी सांगावे. गोळी मनाने बदलू वा बंद करू नये.

तयारीला वर्ष मिळाले हे बरेच झाले. चार महिन्यांत फुप्फुसे आणि हृदय तयार होतातही, पण घोट्यामागची शीर, गुडघा आणि पायाची हाडे मागे राहतात. त्यांना वेळ लागतोच. आठवड्याला पाच-सहा तासांपासून सुरुवात करून निम्म्या अंतरासाठी आठ-दहा तासांपर्यंत जावे. एका आठवड्यात साधारण दहाव्या भागाहून जास्त वाढ नको आणि दर चौथा आठवडा हलका ठेवावा. सायकलवरून उतरून लगेच धावण्याचा सरावही हवा. पहिल्यांदा पाय लाकडाचे झाल्यासारखे वाटतात, पण सवय होते. रोज सकाळी अंथरुणात नाडी मोजावी. नेहमीपेक्षा आठ-दहा ठोके जास्त भरले तर त्या दिवशी विश्रांती. ताप असताना, किंवा डेंगी, चिकुनगुन्या, फ्लूमधून उठल्या उठल्या व्यायाम करू नये. विषाणूंमुळे कधीकधी हृदयाच्या स्नायूलाही सूज येते आणि अशा वेळी घेतलेले श्रम जिवावर बेतू शकतात. सायकलीविषयी एकच सांगतो. गळिताच्या हंगामात पहाटेच्या अंधारात मागचा दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या रस्त्यात उभ्या असतात. हेल्मेट आणि पुढे-मागे दिवे नसतील तर उजाडल्याशिवाय बाहेर पडू नये.

आता पाण्याविषयी. या बाबतीत गैरसमज फार आहेत. तहान लागण्याआधी प्या, जितके जास्त तितके चांगले, असे पुष्कळ जण सांगतात. हा सल्ला चुकीचा आहे आणि धोक्याचाही. कष्टात मूत्रपिंडे पाणी रोखून धरतात. वरून लिटरमागून लिटर पाणी ओतले तर रक्तातले सोडियम पातळ होते आणि मेंदूला सूज येते. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचे रक्त अखेरीस तपासले, तेव्हा १३ टक्क्यांमध्ये सोडियम कमी निघाले. तिघांचे तर जीव धोक्यात यावा इतके कमी. सर्वात ठळक खूण कोणती, तर धावण्याआधीपेक्षा नंतर वजन वाढलेले होते. साधे पाणी प्यायले की क्षारांचे पेय, याने फारसा फरक पडला नव्हता. म्हणजे मीठ-साखरेचे पाणी असले तरी ते प्रमाणाबाहेर पिऊन चालत नाही. हळू जाणाऱ्यांना हा धोका अधिक, कारण ते जास्त तास रस्त्यावर असतात आणि प्रत्येक टेबलाशी थांबून पितात.

मग किती प्यावे? तहान लागेल तसे. आणि आपला घाम किती हे घरीच मोजावे. तासभर धावण्याआधी आणि नंतर घाम पुसून, कमीत कमी कपड्यांत वजन करावे. एक किलो घटले आणि मध्ये पाणी प्यायले नसेल, तर तासाला सुमारे एक लिटर घाम गेला. ते सगळे भरून काढण्याची गरज नाही. शेवटी वजन थोडे घटलेलेच असावे, वाढलेले कधीही नसावे. वाटेत डोके दुखू लागले, पोट डबडबले, मळमळ होऊन बोटातली अंगठी घट्ट झाली, तर पाणी थांबवून वैद्यकीय तंबू गाठावा. अशा माणसाला "बिचारा उन्हाने दमला" म्हणून आणखी पाणी पाजणे म्हणजे आगीत तेल.

उष्माघात वेगळा. त्यात अंग भट्टीसारखे तापते, ताप १०४ अंशांच्या वर जातो आणि माणूस असंबद्ध बोलू लागतो. तेव्हा गाडी शोधण्याआधी त्याला थंड करावे. बर्फाच्या पाण्यात बसवणे सर्वात उत्तम, नाहीतर भरपूर पाणी ओतून वारा घालावा. ज्यांचा सराव थंड पहाटेचा, त्यांनी स्पर्धेआधी दहा-पंधरा दिवस हळूहळू उन्हात व्यायाम करून अंगाला सवय लावावी.

खाण्याचे फार अवघड नाही. स्नायू आणि यकृतातली साखर काही तासांत संपते, म्हणून सायकलवर दर तासाला ३० ते ६० ग्रॅम साखर किंवा पिष्ट पोटात जायला हवे. एका मध्यम केळ्यात सुमारे २५ ग्रॅम असते. खजूर, गुळाची पोळी, लिंबू-सरबतही चालते. जे सरावात पचले तेच स्पर्धेत खावे.

वेदनाशामक गोळ्यांबद्दल मात्र बजावतो. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारखी गोळी घेऊन उतरण्याची खोड पसरली आहे. अंगातले पाणी कमी, स्नायू झिजलेले आणि वर ही गोळी, याने मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर अधिकच. शर्यतीनंतर लघवी काळ्या चहासारखी झाली तर त्याच दिवशी इस्पितळात जावे.

शेवटची रेषा ओलांडल्यावर चक्कर येऊन बसणारे बरेच असतात. पाय थांबताच रक्त पायांत साचते, म्हणून असे होते. आडवे करून पाय उंच ठेवले की बहुतेक जण काही मिनिटांत सावरतात. म्हणून थांबताना एकदम थांबू नये, चालत राहावे. रेषेच्या आधीच धावता धावता कोसळणारा माणूस अधिक काळजीचा. तो हाकेला ओ देत नसेल आणि श्वास नीट नसेल, तर मदत बोलावून छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच सेंटिमीटर खोल दाबत राहावे.

सर गेल्या ऑक्टोबरमध्ये गोव्याला जाऊन आले. त्याआधी रक्तदाब १२८/८२ वर आला होता. सही केली. समुद्रात पहिल्या दोनशे मीटरलाच घाबरून त्यांनी होडी धरली, मिनिटभर थांबले, मग निघाले. सात तास पन्नास मिनिटे लागली. वजन आधी ७१, नंतर साडेएकोणसत्तर. परत आल्यावर दवाखान्यात आले ते पायाच्या अंगठ्याचे नख काळे पडले म्हणून. असे नख ओढून काढू नये. खाली नवे आले की ते आपोआप सुटते. ठणका फार असेल तरच दाखवावे आणि पुढच्या वेळी बूट अर्ध्या नंबराने मोठा घ्यावा.