पेढीच्या उंबरठ्यावरचा राउटर

म्हैसूरमधील संगणकजाळ्यांचा विषय निघाला की इन्फोसिसच्या विस्तीर्ण प्रशिक्षण संकुलाचे नाव आधी घेतले जाते. परंतु तेथे जाळे सांभाळायला स्वतंत्र विभाग आणि प्रशिक्षित माणसे असल्यामुळे राउटर या यंत्राची खरी कसोटी त्या संकुलात लागत नाही. ती लागते हेब्बाळ, मेटगळ्ळी आणि हूटगळ्ळी येथील औद्योगिक वसाहतींतल्या लहान कारखान्यांत, देवराज मार्केटभोवतीच्या घाऊक पेढ्यांत आणि बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांचे नाव धारण करणाऱ्या, दसऱ्याची मिरवणूक जिथून जाते त्या सय्याजी राव रस्त्यावरच्या दुकानांत. अशा ठिकाणी पाच-दहा संगणक, बिले छापणारी दोन-तीन यंत्रे, सीसीटीव्हीचे कॅमेरे आणि कार्ड घेणारे यंत्र या सर्वांचा बाहेरच्या जगाशी असलेला व्यवहार एकाच लहान पेटीतून चालतो, आणि ती पेटी कोणी व किती विचाराने बसवली यावर पेढीचा दिवस सुरळीत जाणार की नाही हे ठरते.

राउटर म्हणजे दोन वेगळ्या जाळ्यांच्या सीमेवर बसून येणाऱ्या प्रत्येक माहितीच्या पुडक्याला पुढचा मार्ग दाखवणारे यंत्र. त्याचा पूर्वज, इंटरफेस मेसेज प्रोसेसर नावाचा अवजड संगणक, १९६९ मध्ये लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात बसवला गेला. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सिस्को कंपनीने पुढे या यंत्राची बाजारपेठ उभी केली, आणि १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्य भारतीय ग्राहकांसाठी इंटरनेट खुले केल्यानंतर काही वर्षांतच ते लहान व्यापाऱ्याच्या आवाक्यात आले. म्हैसूरला दूरसंचाराचे कुतूहल त्याहून जुने आहे, कारण प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९३५ मध्ये येथेच खासगी नभोवाणी केंद्र सुरू केले होते आणि त्या केंद्राचे ‘आकाशवाणी’ हे नाव पुढे देशभर रूढ झाले.

लहान उद्योगासाठी वायफायची सोय नसलेला, निव्वळ तारांचा राउटर निवडण्यामागे ठोस कारणे आहेत. बिनतारी लहरींवर भिंतींचा, पत्र्याच्या छपरांचा आणि शेजारच्या दुकानांतील उपकरणांचा परिणाम होतो, तर तारेचा वेग व खात्री दोन्ही मोजता येतात. शिवाय कोणते उपकरण कोणत्या तारेवर आहे हे डोळ्यांनी पाहता येते, आणि दोष शोधताना याच एका गोष्टीमुळे निम्मे काम हलके होते. वायफाय हवेच असेल तर ते छतावरच्या वेगळ्या उपकरणाकडे सोपवून राउटरला त्याचे मूळ काम करू देणे हीच शहाणपणाची मांडणी ठरते.

बसवणीची सुरुवात सेवा पुरवणाऱ्या कंपनीच्या पेटीपासून होते. प्रकाशतंतूतून आलेला संदेश विजेच्या संदेशात बदलणारी ही पेटी बहुधा स्वतःही राउटरचे काम करीत असते आणि आतल्या उपकरणांना १९२.१६८.१ या मालिकेतले पत्ते वाटत असते. पेढीचा नवा राउटरही कारखान्यातून हीच मालिका घेऊन आला असेल, तर त्याच्या दोन्ही अंगांना एकच मालिका येते आणि कोणते पुडके आत ठेवायचे व कोणते बाहेर धाडायचे हे त्याला कळेनासे होते. म्हणून अनुभवी नेटवर्कवाला आल्या आल्या कंपनीला फोन करून तिची पेटी ‘ब्रिज मोड’वर, म्हणजे मार्ग न ठरवता केवळ संदेश पुढे ढकलण्याच्या अवस्थेत, टाकून घेतो, आणि ग्राहकनाम व पासवर्ड देऊन जोडणी उघडण्याची पीपीपीओई ही पद्धत आपल्या राउटरवर घेतो. या पद्धतीत प्रत्येक पुडक्यातील ८ बाइट तिच्या स्वतःच्या शीर्षकासाठी खर्ची पडतात, त्यामुळे १५०० बाइटांची नेहमीची मर्यादा १४९२ वर येते. ही बारीक तजवीज राहून गेली तर काही संकेतस्थळे झटकन उघडतात आणि काही अर्ध्यावर अडकून राहतात, आणि दोष त्या संकेतस्थळाचा आहे अशी पेढीतल्या माणसांची समजूत होते.

या यंत्राचा सर्वांत विलक्षण भाग मात्र डोळ्यांना दिसत नाही. इंटरनेटच्या चौथ्या आवृत्तीतील पत्ता ३२ बिटांचा असल्यामुळे एकूण पत्ते सुमारे ४३० कोटींच्या पलीकडे जाऊ शकत नाहीत, आणि ते संपणार हे नव्वदच्या दशकातच स्पष्ट झाले होते. १९९४ मध्ये एगेवांग आणि फ्रान्सिस यांनी एक तात्पुरता उपाय मांडला: आतल्या उपकरणांना खासगी पत्ते द्यावेत आणि सीमेवरच्या यंत्राने ते बाहेर जाताना बदलावेत. १९९६ मध्ये खासगी वापरासाठी पत्त्यांच्या तीन मालिका राखून ठेवण्यात आल्या, आणि नॅट या नावाने ओळखली जाणारी ती तात्पुरती युक्ती आज जगातील जवळपास प्रत्येक दुकानात चालू आहे.

तिचे काम जवळून पाहण्यासारखे आहे. हिशेबनिसाच्या संगणकाचा पत्ता १९२.१६८.२०.१४ आहे आणि त्याने ५१५१४ या क्रमांकाच्या द्वारातून जीएसटीचे संकेतस्थळ मागितले असे समजावे. द्वार म्हणजे एकाच पत्त्यावर चालणारे अनेक संवाद वेगळे ओळखण्यासाठी दिलेला क्रमांक. राउटर त्या पुडक्यावरील आतला पत्ता खोडून पेढीचा एकमेव सार्वजनिक पत्ता लिहितो, द्वारासाठी समजा ४०२११ हा मोकळा क्रमांक घेतो, आणि कोणत्या आतल्या पत्त्यासाठी कोणता क्रमांक दिला याची ओळ आपल्या स्मृतीत मांडतो. उत्तर ४०२११ वर परत आले की ती ओळ वाचून तो पुडके हिशेबनिसाकडे पोचवतो. ज्या पुडक्याची ओळच नाही ते आत कोणासाठी आहे हे त्याला ठाऊक नसते, म्हणून ते बाहेरच राहते. सरकारी कचेरीतल्या आवक-जावक बारनिशीचेच हे काम आहे, फक्त ते एका सेकंदात हजारो वेळा होते आणि त्यासाठी लागणारी वीज अनेकदा दहा वॉटांपेक्षाही कमी असते. इतक्या लहान यंत्राने इतकी चोख नोंद ठेवावी, ही मानवी रचनेतील खरोखर आदर वाटावा अशी गोष्ट आहे.

या नोंदवहीचा हट्टीपणाही तितकाच खरा आहे. प्रत्येक ओळीला आयुष्य असते, कारण संवाद संपला की नाही हे राउटरला नेहमीच सांगितले जात नाही. संवाद नीट जुळवून बोलणाऱ्या टीसीपी पद्धतीच्या शांत ओळी किमान २ तास ४ मिनिटे आणि निरोप टाकून मोकळ्या होणाऱ्या यूडीपी पद्धतीच्या ओळी किमान २ मिनिटे जपाव्यात, असे तांत्रिक मानक सांगते. पण अनेक राउटर यूडीपीची ओळ अर्ध्या मिनिटातच पुसतात. इंटरनेटवरून चालणारा कार्यालयीन फोन त्या अवधीत काहीच बोलला नाही, तर त्याची ओळ जाते आणि फोन चालू दिसत असूनही त्यावर येणारी घंटा वाजत नाही. ग्राहकाने फोन केला, तो वाजलाच नाही, आणि मागणी दुसऱ्या दुकानात गेली, या तक्रारीचे मूळ कित्येकदा अशा पुसल्या गेलेल्या ओळीत असते.

पत्ते वाटण्याचे काम डीएचसीपी ही व्यवस्था करते. ती प्रत्येक उपकरणाला ठरावीक मुदतीचा पत्ता देते, आणि मुदत संपल्यावर किंवा वीज जाऊन आल्यावर तोच पत्ता पुन्हा मिळेल याची शाश्वती नसते. संगणकाला याने फरक पडत नाही. बिले छापणाऱ्या यंत्राला पडतो, कारण सगळे संगणक त्याला जुन्या पत्त्यावरच शोधत राहतात. त्यामुळे छपाईयंत्र, कॅमेऱ्यांचे नोंदणीयंत्र आणि टॅलीची माहिती ठेवणारा संगणक यांचे पत्ते त्यांच्या ४८ बिटांच्या जन्मक्रमांकाशी, म्हणजे मॅक पत्त्याशी, कायमचे बांधून ठेवले जातात. हिशेब, कॅमेरे आणि पाहुण्यांचे वायफाय यांना एकाच तारेवरून वेगवेगळी आभासी जाळी देणारी व्हीलॅन ही सोयही लहान पेढीने घ्यावी, कारण स्वस्तातला कॅमेरा हा बहुधा जाळ्यातला सर्वांत कच्चा दुवा असतो आणि त्याला हिशेबाच्या संगणकापर्यंत पोचण्याचे काहीच कारण नाही.

सेटिंग कितीही अचूक असली तरी अखेर सगळे तारेवर येऊन ठेपते. कसबी माणूस कॅट-६ केबलचे वरचे आवरण जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर सोलतो, चार जोड्या उलगडतो, पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी या क्रमाने आठ तारा अंगठ्याखाली सपाट दाबतो, एका रेषेत कापतो आणि कनेक्टरमध्ये सरकवून पक्कडीने दाबतो. बाहेरचे आवरणही कनेक्टरच्या आत पकडले गेले आहे ना हे तो पाहतो, कारण तसे नसेल तर ओढ थेट तारांवर येते. चारांपैकी दोनच जोड्या नीट जुळल्या तर जोडणी बंद पडत नाही, ती १००० ऐवजी १०० मेगाबिटांवर गुपचूप चालू राहते, आणि म्हणूनच हा दोष वर्षानुवर्षे कोणाच्या ध्यानात येत नाही. त्याहून त्रासदायक गोष्ट म्हणजे बाजारात तांब्याच्या नावाने विकली जाणारी, वरून तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल. तिचा रोध जास्त असल्यामुळे, केबलमधूनच वीज घेणारे लांबचे कॅमेरे दिवसा व्यवस्थित चालतात आणि रात्री त्यांचे अवरक्त दिवे लागून विजेची गरज वाढली की एकेक करून बंद पडतात.

राउटर कुठे ठेवायचा हेही जागा पाहून ठरवावे लागते. अगरबत्तीच्या कारखान्यात कोळशाची व मसाल्याची भुकटी हवेत सतत असते. कोळशाची भुकटी थोड्याफार प्रमाणात वीज वाहते, म्हणून तेथे पंखा नसलेला राउटर बंद कपाटात, भट्टी व मिश्रण मळण्याची जागा यांपासून दूर आणि रिकाम्या तोंडांना टोपणे लावून ठेवावा लागतो. एप्रिल-मे महिन्यांतील आंबेसरींबरोबर गडगडाट येतो आणि दोन शेडांमध्ये हवेतून ओढलेली तांब्याची तार विजेचा धक्का थेट राउटरपर्यंत आणते. अशा दोन इमारतींमध्ये प्रकाशतंतूच घालावा, तोही पोलादी आधारतार नसलेला, कारण ती तार शेवटी धातूच आहे. वीज गेल्यावर राउटर चालू राहावा म्हणून त्याला बॅटरी दिली जाते, पण कंपनीची पेटी आणि आतल्या तारा जोडणारा स्विच अनेकदा तिच्यावर घेतले जात नाहीत, आणि मग राउटर एकटाच जागा राहतो.

वीज जाण्याचा आणखी एक परिणाम फारसा लक्षात येत नाही. अनेक लहान राउटरांत घड्याळ चालू ठेवणारी बॅटरीच नसते, त्यामुळे वीज परत आल्यावर त्यांचे घड्याळ १ जानेवारी १९७० पासून सुरू होते आणि इंटरनेटवरून खरी वेळ मिळेपर्यंत त्यांच्या नोंदींना अर्थ राहत नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबरसुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशानुसार कंपन्यांनी आपल्या यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस भारतात जपायच्या असतात, घड्याळे प्रमाणवेळेशी जुळवायची असतात आणि नमूद केलेल्या प्रकारची घुसखोरी लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची असते. राउटरच्या इवल्याशा स्मृतीत इतक्या नोंदी मावत नाहीत. त्या दुसऱ्या संगणकावर पाठवण्याची तजवीज बसवणीच्या दिवशीच व्हायला हवी, आणि ती बहुतेक ठिकाणी होत नाही, ही चिंतेची बाब आहे.

सार्वजनिक पत्त्यांचा तुटवडा आता सेवा पुरवणाऱ्यांनाही जाणवतो. ते अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता वापरतात आणि त्यांना आतल्या अंगाने १००.६४ ते १००.१२७ या २०१२ मध्ये खास राखून ठेवलेल्या मालिकेतील पत्ते देतात. राउटरच्या बाहेरच्या अंगावर असा पत्ता दिसला, तर घरून दुकानातले कॅमेरे पाहण्यासाठी द्वार उघडण्याचे कितीही प्रयत्न केले तरी उपयोग होत नाही, कारण वरची नोंदवही ग्राहकाच्या हातातच नसते. तेव्हा वेगळे शुल्क भरून स्थिर पत्ता घ्यावा किंवा आतून बाहेर जाणारा सुरक्षित बोगदा, म्हणजे व्हीपीएन, उभारावा. दुसरा मार्ग अधिक चांगला आहे, कारण त्यात बाहेरच्या जगासाठी उघडे दार ठेवावे लागत नाही. २०१८ मध्ये मायक्रोटिक राउटरांच्या व्यवस्थापन-द्वारातील एक त्रुटी कंपनीने एप्रिल महिन्यातच दुरुस्त केली होती. तरीही महिने उलटल्यावर जगभर लाखांवर राउटर जुन्याच आवृत्तीवर उघडे सापडले.

ते तसे राहिले याचे एक कारण पेढीच्या व्यवहारात आहे. राउटरचा पासवर्ड, पत्त्यांची यादी आणि सेटिंगची प्रत बहुधा बसवणाऱ्या माणसाच्या फोनमध्ये असते. तो गावी गेला, त्याने धंदा बदलला किंवा त्याचे पैसे थकले, की पेढीचे यंत्र पेढीलाच परके होते आणि मग कोणीतरी मागचे बटण दाबून सगळी रचना पुसून टाकतो. या प्रती मालकाच्या कपाटात, छापील स्वरूपात, खरेदीच्या पावतीबरोबर असाव्यात आणि अखेरचा हप्ता त्या हाती आल्यावरच द्यावा.

पुढचा बदल नोंदवहीलाच हात घालणारा आहे. सहाव्या आवृत्तीचा पत्ता १२८ बिटांचा असल्यामुळे प्रत्येक छपाईयंत्रालाही स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळू शकतो, आणि भारतातील निम्म्याहून अधिक इंटरनेट वापरकर्ते आज ही आवृत्ती वापरतात. तेथे नॅटची गरज नाही. पण ओळ नसलेले पुडके बाहेर ठेवण्याचे काम आजवर नॅटकडून आपोआप होत होते, ते आता राखणनियमांना, म्हणजे फायरवॉलला, स्वतंत्रपणे नेमून द्यावे लागते. ज्या राउटरवर चौथ्या आवृत्तीचे नियम काळजीपूर्वक लिहिले आहेत आणि सहाव्या आवृत्तीचे पान कोरेच आहे, तेथे कॅमेऱ्यांचे नोंदणीयंत्र थेट जगासमोर येते, आणि नेटवर्कवाल्याने जाळे सोपवण्यापूर्वी ते पान उघडून तपासणे आता बसवणीचाच भाग झाले आहे.