टूरिंग सायकलचे गिअर: सपाट दिल्लीत बसून घाटाचा हिशोब

आजचा विषय गिअर आणि शिफ्टर.

दिल्ली, नोएडा, गुरुग्रामकडच्या आपल्या मंडळींचा एक ठरलेला प्रश्न असतो: "मनाली-लेह करायचंय. सायकलला २१ गिअर आहेत, पुरतील ना?" गिअर किती आहेत हे विचारू नका. सगळ्यात हलका गिअर किती हलका आहे, ते बघा. आणि नेमकं तेच दिल्लीत कळत नाही, कारण इथे चढच नाही. झंडेवालानच्या बाजारातून सायकल घेतली, इंडिया गेटला चार फेऱ्या मारल्या, की कुठलीही सायकल छान वाटते. मनालीहून रोहतांगला मात्र सुमारे ५१ किलोमीटरमध्ये साधारण १९०० मीटर चढावं लागतं. ती नुसती सुरुवात. पुढे बारालाचा, लाचुंग ला आणि ५३०० मीटरच्या वरचा तंगलंग ला आहेच.

आता हिशोब. पुढच्या चकतीचे दात भागिले मागच्या चकतीचे दात, गुणिले चाकाचा घेर. पेडलच्या एका फेरीत सायकल किती पुढे जाते, ते यातून मिळतं. ७०० बाय ३८ टायरचा घेर २.२ मीटर धरू.

साध्या २१ गिअरच्या हायब्रिडला बऱ्याचदा पुढे लहान चकती २८ दातांची आणि मागे मोठी चकतीही २८ची असते. म्हणजे एका फेरीत २.२ मीटर. माउंटन सायकलच्या क्रँकला पुढे २२ आणि मागे ३४ असेल, तर एका फेरीत १.४ मीटर.

फरक छोटा वाटतो? तुम्ही, सायकल आणि सामान मिळून १०० किलो धरा. चढ ६ टक्के. पहिल्या सायकलवर मिनिटाला ६० फेऱ्या मारायला सुमारे १४५ ते १५० वॅट ताकद लागते. दुसरीवर सुमारे ९५. दिल्लीत तुम्ही तासन्‌तास १५० वॅट देऊ शकत असाल, तरी चार हजार मीटरवर हवा विरळ असल्यामुळे त्यातला पाव भाग किंवा जास्तच जातो. हातात उरले ११०. मग पहिल्या सायकलवर पाय मिनिटाला ४५ वेळाच फिरणार, प्रत्येक फेरीला गुडघ्यावर जोर येणार, आणि हे पाच-सहा तास चालणार. दुसरीवर त्याच ताकदीत ७०च्या आसपास फेऱ्या होतील. वेग दोन्हीकडे तासाला सहा किलोमीटरच. पण एकाचे गुडघे लेहपर्यंत टिकतात, दुसरा घाटात सायकल ढकलत चालतो.

म्हणून सामान लादून हिमालयात जायचं असेल, तर पुढे ४४-३२-२२ आणि मागे ११-३४ ही जुनी जोडी अजूनही उत्तम. वरचा गिअर कमी पडेल ही भीती सोडा. ४४ आणि ११ वर मिनिटाला ८० फेऱ्या मारल्या तर वेग ४२ होतो. त्यापुढे उतारावर पेडल मारायचंच कशाला?

बदल करताना डिरेलरची क्षमता तपासा. पुढच्या मोठ्या आणि लहान चकतीतला फरक, अधिक मागच्या मोठ्या आणि लहान चकतीतला फरक. इथे २२ अधिक २३, म्हणजे ४५. त्यासाठी लांब पिंजऱ्याचा माउंटन डिरेलर लागतो. रोड सायकलचा आखूड पिंजरा एवढी चेन ओढून धरू शकत नाही.

खर्च कमी ठेवायचा असेल, तर सात गिअरचं १४-२८ फ्रीव्हील काढून १४-३४ बसवा. डिरेलर तेवढी चकती झेलतो का, ते आधी विचारून घ्या.

आता शिफ्टर. सरळ हँडल असेल तर ट्रिगर शिफ्टर घ्या. हात न हलवता गिअर बदलतो. ड्रॉप हँडल असेल तर दोन वाटा. ब्रेकमध्येच शिफ्टर असलेले लिव्हर आरामाचे, पण महाग, आतून नाजूक आणि रस्त्यात दुरुस्त न होणारे. दुसरी वाट हँडलच्या टोकाला बसणाऱ्या बार-एंड शिफ्टरची. हे साधे असतात. डावा सहसा टप्प्याविना सरकतो, त्यामुळे पुढचा डिरेलर रोडचा असो वा माउंटनचा, जुळतो. काही मॉडेलांत उजव्यालाही टप्पे बंद करता येतात. डिरेलर वाकला, तार ताणली गेली, तरी अंदाजाने गिअर लावत पुढच्या गावापर्यंत जाता येतं.

जुळणीची एक गोष्ट लक्षात ठेवा. शिमानोच्या नऊ गिअरपर्यंत रोडचा शिफ्टर माउंटनच्या मागच्या डिरेलरबरोबर चालतो. दहापासून तार ओढण्याचं माप बदललं, मिसळ जमत नाही. टूरिंगवाले नऊ गिअर सोडत नाहीत, त्याचं एक मोठं कारण हेच.

शेवटचं काम. लेहचं तिकीट काढण्याआधी पूर्ण सामान लादून डेहराडूनहून मसुरी चढून या. साधारण १३०० मीटरची चढण आहे. शेवटच्या गिअरवर असताना बोटं आणखी एक गिअर शोधत असतील, तर तो गिअर दिल्लीतच बसवून घ्या. बारालाचावर दुकान नाही.