कपाट गुण्यात आहे का?

नवं कपाट करायला घेतलं की प्लाय कुठला, सनमायका कुठला, बिजागऱ्या कसल्या, यावर घरात दिवसचे दिवस चर्चा होते. कपाट गुण्यात बसलंय का, म्हणजे त्याचे चारही कोपरे काटकोनात आहेत का, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. पुढे दार घासतं, ड्रॉवर अडकतो, शेजारच्या दोन दारांची डोकी खालीवर दिसतात. दोष लाकडाला किंवा बिजागरीला दिला जातो. मूळ बऱ्याचदा जोडणीत असतं, आणि जोडणीबद्दलचे काही समज पक्के रुजलेले आहेत.

गैरसमज : कोपऱ्याला गुण्या लावून पाहिला की झालं.

वस्तुस्थिती : छोटा गुण्या मोठ्या खोक्यातली चूक पुरती दाखवत नाही. ६०० मिमी रुंद आणि ८०० मिमी उंच खोका घ्या. त्याची वरची बाजू ५ मिमी एकीकडे झुकली, तर सहा इंची गुण्याच्या टोकाशी जेमतेम एक मिमीची फट दिसते. कोपऱ्यात फेव्हिकॉलचा ओघळ असेल किंवा फळी जराशी वाकलेली असेल, तर तीही कळत नाही.

कर्ण मोजले की हीच चूक लपत नाही. काटकोनात असलेल्या या खोक्याचे दोन्ही कर्ण १००० मिमी भरतात. ५ मिमी झुकताच एक १००३ होतो आणि दुसरा ९९७. सहा मिमीचा, म्हणजे जवळजवळ दोन सुतांचा फरक साध्या टेपवरही स्वच्छ वाचता येतो.

गैरसमज : कर्ण सारखे भरले, म्हणजे कपाट नक्की गुण्यात.

वस्तुस्थिती : समोरासमोरच्या फळ्या सारख्या लांबीच्या असतील, तरच हे खरं. दोन्ही उभ्या फळ्या सारख्या, पण खालची फळी ६०० आणि वरची ५९६ कापली गेली, तर कर्ण सारखेच भरतील आणि एकही कोपरा काटकोनात नसेल. म्हणून जोडीच्या फळ्या नुसत्या टेपने मोजून भागत नाही. त्या एकमेकींवर ठेवून, एक टोक जुळवून दुसऱ्या टोकावरून बोट फिरवावं. अर्ध्या मिमीची पायरीही बोटाला लागते.

गैरसमज : दुकानातून नवा आणलेला गुण्या चुकीचा कसा असेल?

वस्तुस्थिती : असू शकतो, आणि चांगला गुण्याही एकदा जमिनीवर आपटला की बिघडू शकतो. तपासायला दोन मिनिटं लागतात. प्लायच्या सरळ कडेला गुण्याचा दांडा टेकवून बारीक टोकाच्या पेन्सिलीने रेघ ओढा. मग गुण्या उलटा करून, दांडा त्याच कडेला टेकवून, त्याच बिंदूतून दुसरी रेघ ओढा. दोन्ही रेघा एकच दिसल्या तर गुण्या बरोबर. त्या फाकत गेल्या, तर शेवटी जेवढं अंतर दिसेल त्याच्या निम्मी चूक गुण्यात आहे.

गैरसमज : क्लॅम्प जितका घट्ट आवळावा, तितका कोपरा नेमका बसतो.

वस्तुस्थिती : क्लॅम्प जरासा तिरका लागला, तर घट्ट आवळल्याने खोका आणखी तिरका होतो. क्लॅम्प फळीला समांतर हवा, आणि आवळून झाल्यावर कर्ण पुन्हा मोजायला हवेत. फेव्हिकॉल ओला आहे तोवरच दुरुस्तीला वाव असतो. लांब कर्णाच्या दोन टोकांना क्लॅम्प लावून हळूहळू ओढायचं, वरच्या उदाहरणात १००३ चे १००० होईपर्यंत. फरक सहाचा असला तरी तीनच मिमी कमी करायचे, कारण एक कर्ण जेवढा आखडतो, जवळपास तेवढाच दुसरा वाढतो.

गैरसमज : पाठीमागचा पातळ प्लाय फक्त धूळ अडवायला असतो.

वस्तुस्थिती : कपाट गुण्यात धरून ठेवण्याचं मोठं काम तोच करतो. काडेपेटीचं बाहेरचं टरफल बोटांनी दाबलं की चपटं होतं, काड्यांचा ट्रे तसा होत नाही, कारण त्याला तळ असतो. कपाटाची पाठ म्हणजे हा तळ. सहा मिमीचा प्लायसुद्धा चारही कडांना स्क्रू आणि फेव्हिकॉलने धरला की खोका डुलत नाही. मात्र खोका तिरका असताना पाठ ठोकली, तर तो तिरकेपणाही तितकाच पक्का होतो. म्हणून कर्ण जुळवायचे आधी, पाठ ठोकायची नंतर. पाठीचा तुकडाही काटकोनात कापलेला असावा.

गैरसमज : थोडंफार तिरकं असलं तर बिजागरीचे स्क्रू फिरवून जमतं.

वस्तुस्थिती : हल्लीच्या कप बिजागऱ्यांत दार सरकवायची सोय असते, पण ती काही मिमींचीच. तीनशे मिमीची दोन दारं असलेलं आपलं तेच कपाट ५ मिमी झुकलं, तर मध्यभागी एक दार खाली जातं आणि दुसरं वर. दोन्हींच्या डोक्यांत पावणेचार मिमीची पायरी पडते. स्क्रूने दारं सरळ दिसतील इतपत आणली, तरी आतल्या ड्रॉवरची चॅनेल तिरक्या खोक्यावरच बसलेली राहतात.

गैरसमज : कारखान्यात नीट बनलेलं कपाट घरी आल्यावर बिघडलं.

वस्तुस्थिती : बऱ्याचदा फरशी असमान असते. एका कोपऱ्याखाली पोकळी राहिली की कपाटाला पीळ बसतो आणि दारं सुटतात. पाणसळ वर ठेवून आडवं-उभं दोन्ही बाजूंनी पाहावं आणि कमी पडेल तिथे पाचर सारावी. भिंतीला लावायच्या कपाटाचंही तेच. गिलाव्याला फुगवटा असेल तर स्क्रू आवळताना खोका भिंतीचा आकार घेतो. मागे पट्टीचा आधार देऊन कपाट सरळ ठेवावं आणि उरलेली फट कडेच्या पट्टीने झाकावी.

गैरसमज : पावसाळ्यात लाकूड फुगतंच, मग काटेकोरपणा कशाला?

वस्तुस्थिती : भरीव लाकूड आडव्या रुंदीत फुगतं, लांबीत जवळजवळ नाही, आणि प्लाय तर फारच कमी. पावसाळ्यात घासणारं दार दिवाळीनंतर मोकळं झालं, तर कारण ओलावा. बाराही महिने एकाच जागी घासलं, तर आधी कर्ण मोजा.

घरी सुतारकाम चालू असेल, तर पाठ ठोकायच्या आधी टेप हातात घेऊन दोन्ही कर्ण आपल्यासमोर मोजायला सांगावं. चांगला सुतार याने दुखावत नाही, कारण तो ते मोजतच असतो. आणि फरक निघालाच, तर त्या घटकेला तो एका क्लॅम्पने सुधारतो. पाठ लागल्यावर त्याच दुरुस्तीसाठी कपाट उकलावं लागतं.