लघु उद्योगांतील ज्ञानाची देवाणघेवाण : बडोद्याच्या संदर्भात

ज्ञान व्यवस्थापनावरील बरेचसे लेखन मोठ्या कंपन्यांना डोळ्यांसमोर ठेवून झाले आहे. लहान कारखान्याचे दुखणे वेगळे असते. तेथे लेथवर एकच जुना उस्ताद असतो. तो गेला की त्याच्या हातातले ज्ञानही जाते, कारण ते कोठेही लिहिलेले नसते.

जीन लेव्ह व एटीन वेंगर यांनी १९९१ मध्ये 'कम्युनिटी ऑफ प्रॅक्टिस' ही संकल्पना मांडली. तिला आपण व्यवसाय-समुदाय म्हणू. एकच काम करणारी माणसे वारंवार भेटून, अडचणी बोलून, एकमेकांचे पाहून शिकतात. त्यातून हा समुदाय घडतो. लेव्ह यांनी लायबेरियातील शिंप्यांचा अभ्यास केला होता. तेथे शिकाऊ मुलगा आधी तयार कपड्याला इस्त्री करतो, बटणे लावतो. कापड बेतणे सर्वांत शेवटी येते. आपल्याकडील शिंप्याच्या दुकानात याहून वेगळे काय घडते?

मात्र मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतील पाच-सात कामगारांच्या युनिटमध्ये असा समुदाय आतल्या आत उभा राहू शकत नाही. तो शेजारच्या युनिटांसह बांधावा लागतो, आणि शेजारी हाच प्रतिस्पर्धी असतो. मालकाची भीती खोटी नाही : ग्राहक फुटतो, कारागीर पळवला जातो. म्हणून दर, ग्राहकांची नावे व खास डिझाइन चर्चेबाहेर ठेवावीत. हत्यार का तुटते, वेल्डला भेग का जाते, हे खुशाल बोलावे.

बडोद्याला हा विचार परका नाही. महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या राज्यात प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकाराने १८९० मध्ये कलाभवन सुरू झाले. रंगाईसारखी कला तोवर बहुतांशी घराण्यांतच शिकवली जाई. येथे ती रसायनशास्त्राच्या आधारे व देशी भाषेतून वर्गात आली. पुढे १९०७ मध्ये गज्जर, कोटीभास्कर व भाईलाल अमीन यांनी अलेम्बिकची स्थापना केली. एकत्र शिकण्या-शिकवण्यातून उद्योग कसा उभा राहतो, याचे इतके जवळचे उदाहरण दुसरीकडे शोधायची गरज नाही. कलाभवन आज महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या तंत्रज्ञान व अभियांत्रिकी विद्याशाखेच्या रूपाने चालू आहे.

कम्युनिटी कॉलेजच्या शिक्षकाला येथे मोठी सोय आहे : तो कोणाचाच प्रतिस्पर्धी नाही. एकाच ट्रेडचे आठ-दहा माजी विद्यार्थी महिन्यातून एकदा कार्यशाळेत बोलवावेत. प्रत्येकाने बिघडलेला एक नग बरोबर आणावा. भाषणे नकोत, नग टेबलावर ठेवला की बोलणे आपोआप सुरू होते. निघालेला उपाय शिक्षकाने वहीत गुजराती, मराठी वा हिंदीत, कारागिराच्याच शब्दांत उतरवावा आणि पुढच्या तुकडीला शिकवताना ती वही वर्गात न्यावी.