पृथ्वीजवळून गेलेला लघुग्रह

बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यात जानेफळ नावाचे गाव आहे. तेथून मेहकरमार्गे दक्षिणेकडे गेले म्हणजे लोणार लागते. तेथील खाऱ्या पाण्याचे सरोवर सर्वांच्या परिचयाचे आहे. लवणासुराचा वध भगवान विष्णूने येथेच केला, असे लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. दैत्यसूदनाचे मंदिर ही त्याच कथेची खूण होय. काळ्या पाषाणातील हा सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा खळगा म्हणजे ज्वालामुखीचे मुख असावे, असे पुष्कळांस वाटे. परंतु येथील खडकांचे काही अंश प्रचंड आघाताने काचेसारखे झालेले आढळले, व हा खळगा अशनीच्या आघाताने पडला, असे संशोधकांनी १९७३ साली दाखवून दिले. आकाशातून दगड पडतात, याचा एवढा मोठा पुरावा फारच थोड्या गावांच्या शेजारी असेल.

असे दगड येतात कोठून? मंगळ व गुरू यांच्या कक्षांच्या दरम्यान असंख्य लघुग्रह सूर्याभोवती फिरत असतात. त्यांपैकी काही गुरूच्या आकर्षणामुळे आपल्या मूळ मार्गापासून ढळतात आणि त्यांची लंबवर्तुळाकार कक्षा पृथ्वीच्या कक्षेजवळ येते, क्वचित तिला छेदूनही जाते. दोन वाटा एकमेकींस छेदल्या म्हणून त्यांवरील वाटसरूंची गाठ पडतेच असे नाही. दोघेही एकाच वेळी चौकात आले पाहिजेत.

१६ ऑगस्ट २०२० रोजी अशी गाठ पडता पडता राहिली. त्या रविवारी सकाळी, भारतीय वेळेप्रमाणे ९ वाजून ३८ मिनिटांनी, तीन ते सहा मीटर आकाराचा एक लघुग्रह दक्षिण हिंदी महासागरावरून केवळ २,९५० किलोमीटर उंचीवरून निघून गेला. चंद्र आपल्यापासून सुमारे ३,८४,००० किलोमीटर दूर आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या जवळिकीची कल्पना येईल. तो येत असता कोणालाच दिसला नाही. कारण तो सूर्याच्या बाजूने आला. सूर्याच्या झगझगाटात अंधूक दगड दिसावा कसा?

तो निघून गेल्यावर सुमारे सहा तासांनी अमेरिकेतील पालोमार येथील दुर्बिणीने घेतलेल्या छायाचित्रांत त्याचा माग लागला. अशा छायाचित्रांत तारे बिंदूसारखे उमटतात, तर वेगाने सरकणाऱ्या जवळच्या लघुग्रहाची बारीक रेघ उमटते. संगणक अशा रेघा वेचून काढतो. पण कृत्रिम उपग्रहांच्याही रेघाच उमटत असल्यामुळे अखेरची पारख माणसाच्या डोळ्यांनीच करावी लागते. ही पारख करणाऱ्यांत मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील कुणाल देशमुख व कृती शर्मा हे विद्यार्थी होते. लघुग्रहाला ‘२०२० क्यूजी’ हे नाव मिळाले. यातील ‘क्यू’ हे अक्षर ऑगस्टचा उत्तरार्ध दर्शविते, व ‘जी’ हे त्या पंधरवड्यातील सातव्या शोधाचे चिन्ह आहे. नाव रुक्ष खरे, परंतु त्यात जन्मतिथीच सामावलेली आहे.

एवढ्या जवळ येऊनही तो पृथ्वीवर पडला कसा नाही? त्याचा वेग सेकंदाला सुमारे १२.३ किलोमीटर होता. त्या उंचीवर पृथ्वीच्या आकर्षणातून सुटण्यास सेकंदाला सव्वानऊ किलोमीटरच्या आसपास वेग पुरतो. म्हणून पृथ्वीला त्यास धरून ठेवता आले नाही. मात्र तिने त्याची वाट सुमारे ४५ अंशांनी वळविली. सूर्याभोवतीची त्याची पूर्वीची कक्षा त्यामुळे कायमची बदलली.

तो पडला असता तरी दुसरे लोणार निर्माण झाले नसते. एवढासा दगड वातावरणात तापून फुटतो व अग्निगोलाच्या रूपाने क्षणभर दिसतो. लोणारचा खळगा पाडणारा अशनी याच्या कितीतरी पट मोठा असला पाहिजे. ‘२०२० क्यूजी’चा जवळिकीचा विक्रमही फार दिवस टिकला नाही. त्याच वर्षी नोव्हेंबर महिन्यात दुसरा एक लघुग्रह पृथ्वीपासून ४०० किलोमीटरहूनही कमी उंचीवरून गेला, आणि त्याचाही पत्ता तो गेल्यावरच लागला.