फिश टँकमधला पाण्याचा प्रवाह : खोक्यावरचा आकडा नको, टाकीतला प्रवाह बघा

घरात दोन फुटी फिश टँक आहे, दुकानदाराने दिलेला फिल्टर चोवीस तास चालतोय, पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतंय. तरीही सकाळी बघावं तर मासे वर येऊन तोंड उघडझाप करतायत. किंवा उलट, फायटर मासा दिवसभर एका कोपऱ्यात पानामागे चिकटून बसलाय. दोन्ही तक्रारी वेगळ्या वाटतात, पण बऱ्याचदा त्यांचं मूळ एकच असतं : टाकीतला पाण्याचा प्रवाह. पहिल्या टाकीत तो पुरेसा नाही, दुसऱ्या टाकीत गरजेपेक्षा जास्त आहे.

आज आपण बघू की हा प्रवाह नेमकं काय काम करतो, तो घरच्या घरी कसा मोजायचा आणि आपल्या माशांसाठी कसा सेट करायचा. मोबाईलमधला स्टॉपवॉच आणि कॅमेरा सोडून फारसं काही लागणार नाही.

प्रवाह नेमकं काय करतो?

पहिलं काम ऑक्सिजनचं. एक लिटर हवेत साधारण २७० मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. एक लिटर गोड्या पाण्यात २५ अंश सेल्सिअसला जास्तीत जास्त ८.३ मिलिग्रॅमच्या आसपास विरघळतो, आणि ३० अंशांना फक्त ७.५. म्हणजे एप्रिल-मेमध्ये पाणी तापतं तेव्हा ऑक्सिजन कमी होतो, आणि नेमकी तेव्हाच माशांची गरज वाढलेली असते.

हा ऑक्सिजन पाण्यात शिरतो तो मुख्यतः पृष्ठभागातून. पण पाणी स्थिर असेल तर तो खाली पोचायला फार वेळ लागतो, कारण पाण्यात ऑक्सिजन हवेपेक्षा सुमारे दहा हजार पट हळू पसरतो. प्रवाह वरचं पाणी खाली नेतो आणि खालचं वर आणतो, त्यामुळे काम पटकन होतं.

इथे एक गैरसमज दूर करू. एअर पंपाच्या बुडबुड्यांमधून थेट थोडाच ऑक्सिजन विरघळतो. बुडबुडे वर जाताना पाणी सोबत ओढतात आणि पृष्ठभाग हलवतात, खरा फायदा त्याचा असतो. म्हणून फिल्टरचं पाणी पृष्ठभाग नीट हलवत असेल, तर बुडबुडे दिसले नाहीत तरी चालतं.

दुसरं काम सफाईचं. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो, जो माशांसाठी विषारी आहे. फिल्टरच्या स्पंजवर वाढणारे बॅक्टेरिया त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्रेट त्यामानाने कमी त्रासदायक असतं. पण अमोनिया स्पंजपर्यंत पोचवायचा कोणी? प्रवाहानेच. शिवाय या बॅक्टेरियांनाही ऑक्सिजन लागतो.

खोक्यावरचा आकडा म्हणजे ‘अप टू १०० एमबीपीएस’

फिल्टरच्या खोक्यावर ‘६०० लिटर प्रति तास’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. इंटरनेट प्लॅनमधल्या ‘अप टू’ सारखाच हा आकडा वाचायचा. तो बहुतेक वेळा पंपाला काहीही अडथळा नसतानाचा असतो. मध्ये स्पंज आला, पाणी वर चढवावं लागलं, स्पंजमध्ये गाळ साठला, की प्रत्यक्ष प्रवाह बराच कमी होतो.

आधी टाकीत पाणी किती ते काढा. लांबी × रुंदी × पाण्याची उंची सेंटीमीटरमध्ये गुणा आणि १००० ने भागा. ६० × ३० × ३० म्हणजे ५४ लिटर. खडी-दगड वजा केले तर साधारण ५० धरा. सर्वसाधारण टाकीसाठी अंगठेनियम असा, की तासाला टाकीतल्या पाण्याच्या ४ ते ५ पट पाणी फिल्टरमधून जावं. म्हणजे इथे प्रत्यक्षात २०० ते २५० लिटर.

आता मोजा. काचेवर अडकवायचा फिल्टर असेल तर त्याच्या धारेखाली एक लिटरचा मग धरा आणि स्टॉपवॉच लावा. ३६०० ला आलेल्या सेकंदांनी भागा. एक लिटरला १२ सेकंद लागले तर ३०० लिटर प्रति तास. महिन्याभराने तेवढ्याच पाण्याला २० सेकंद लागायला लागले, तर प्रवाह १८० वर आलाय आणि स्पंज धुवायची वेळ झालीय. स्पंज नळाखाली धुऊ नका, त्यातल्या क्लोरीनने बॅक्टेरिया मरतात. टाकीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात हलकेच पिळा. टाकीत हात घालण्याआधी सगळे प्लग काढायचे, हे मात्र दरवेळी.

वाय-फायसारखे इथेही ‘डेड झोन’ असतात

राउटर कितीही महाग असला तरी घराच्या एखाद्या कोपऱ्यात रेंज मिळत नाही. टाकीतही तसंच असतं. फिल्टर जोरात चालत असतो, पण मोठ्या दगडामागे किंवा दाट झाडांच्या मागे पाणी जवळपास उभंच असतं. तिथे गाळ साठतो, खाणं कुजतं.

शोधायची पद्धत सोपी आहे. माशांचं खाणं चिमूटभर बोटांनी बारीक करा आणि फिल्टरच्या तोंडाजवळ सोडा. समोर मोबाईल स्टँडवर लावून दोन मिनिटं व्हिडिओ घ्या. टाकीमागे काळा कागद लावला तर कण स्पष्ट दिसतात. मग व्हिडिओ फास्ट करून बघा. कण कुठून फिरतायत, कुठे जाऊन थांबतायत, सगळं कळतं. आदर्श टाकीत पाणी वरून एका बाजूने जाऊन खालून परत येतं, आणि संपूर्ण पृष्ठभागावर बारीक लहरी दिसतात.

डेड झोन सापडला तर लगेच मोठा पंप घ्यायला पळू नका. आधी फिल्टरच्या तोंडाची दिशा बदला, दगड थोडा सरकवा, किंवा त्या कोपऱ्यात छोटा स्पंज फिल्टर ठेवा.

कोणत्या माशाला किती?

मासा मूळचा कुठला, त्यावर हे ठरतं.

फायटर मासा थायलंड आणि आसपासच्या भातशेतांतला, दलदलींतला. तिथलं पाणी संथ. त्याच्याकडे हवेतून थेट श्वास घेणारा खास अवयव असतो, त्यामुळे तो अधूनमधून वर येऊन हवा घेतो ते नैसर्गिक आहे. पण लांब पिसारा घेऊन जोरदार धारेत पोहणं म्हणजे आपण ओली चादर गुंडाळून धावण्यासारखं. गुरामीलाही संथ पाणीच आवडतं.

गोल अंगाचा गोल्डफिश पोहण्यात कच्चा, पण घाण भरपूर करतो. त्याला मोठा फिल्टर हवा, धार मात्र मऊ.

झेब्रा डॅनियो आपल्या उपखंडातलाच, चपळ, त्याला मध्यम प्रवाह मजेत चालतो. आणि दुकानात ‘मिस केरळ’ नावाने मिळणारा डेनिसन बार्ब पश्चिम घाटाच्या दक्षिण भागातल्या खळाळत्या ओढ्यांतला. त्याला ऑक्सिजनने भरलेलं वाहतं पाणी आणि मोठी टाकीच लागते.

म्हणून फायटर आणि डेनिसन एकाच टाकीत ठेवले, तर दोघांपैकी एकाचे हाल ठरलेलेच.

प्रवाह जास्त झाल्याची लक्षणं : मासा सतत आडोशाला, पर मिटलेले, खाणं तोंडात येण्याआधीच वाहून जातं. प्रवाहाकडे तोंड करून थोडा वेळ पोहणं मात्र नॉर्मल आहे.

प्रवाह कमी झाल्याची लक्षणं : पहाटे सगळेच मासे वर, कल्ल्यांची हालचाल वेगात, पृष्ठभागावर तेलकट थर. पहाटेच का? कारण रात्री टाकीतली झाडंही ऑक्सिजन वापरतात, तयार करत नाहीत.

धार मऊ करायला फिल्टरचं तोंड काचेकडे वळवा, त्यावर जाड स्पंजचा तुकडा लावा किंवा भोकं पाडलेली आडवी नळी जोडा. पाणी तेवढंच फिरतं, फक्त झोत विभागला जातो.

लाईट गेली तर?

खरी परीक्षा इथे. लाईट गेली की प्रवाह थांबतो आणि ऑक्सिजन कमी व्हायला लागतो. उन्हाळ्यात, गच्च भरलेल्या टाकीत काही तासही भारी पडू शकतात.

उपाय तुमच्या बॅगेतच आहे : पॉवर बँक. यूएसबीवर चालणारे छोटे एअर पंप मिळतात. १०,००० एमएएचच्या पॉवर बँकेतून प्रत्यक्षात साधारण २२ ते २५ वॅट-अवर मिळतात. पंप दीड वॅटचा असेल तर हिशोबाने १५ तासांच्या आसपास चालेल. एक गोष्ट आधीच तपासा : काही पॉवर बँका फार कमी करंट ओढला गेला की आपोआप बंद होतात. म्हणून अर्धा तास ट्रायल घ्या. पंप पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवा किंवा नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावा, नाहीतर पंप बंद पडल्यावर पाणी नळीतून उलटं येतं.

आणि बंद डब्याचा फिल्टर बरेच तास बंद राहिला असेल, तर लाईट आल्या आल्या चालू करू नका. आत ऑक्सिजन संपून पाणी सडलेलं असू शकतं. ते ओतून द्या, स्पंज टाकीच्या पाण्यात पिळा, मग चालू करा. या काळात खाणंही घालू नका.

थोडक्यात काय करायचं?

आज रात्री एक लिटरचा मग आणि स्टॉपवॉच घेऊन प्रवाह मोजा, दोन मिनिटांचा व्हिडिओ काढा. उद्या पहाटे लाईट लावण्याआधी टॉर्चच्या मंद उजेडात मासे कुठे आहेत ते बघा. नवीन पंपावर पैसे घालवायचे की नुसतं फिल्टरचं तोंड वळवायचं, हे या तीन गोष्टींवरून ठरवता येईल. बऱ्याच टाक्यांमध्ये तोंड वळवूनच काम भागतं.