मृत कास्तकाराच्या घरचा अर्ज : व्यापारी, जमीनधारक व देणगीदार यांस निवेदन

वर्धा जिल्ह्यांत मदतीसाठीं फिरतांना आम्हांस बहुतेक दुकानांतून व वाड्यांतून एकच प्रश्न विचारला जातो. कर्जानें गांजलेल्या कास्तकारानें जीव दिला म्हणजे सरकार त्याच्या घरीं एक लाख रुपये देतें. मग आपण आणखी काय द्यावयाचें? हा प्रश्न विचारणारे गृहस्थ कृपण नसतात. त्यांपैकीं कित्येकांनीं पूर्वीं धान्य, कापड व रोख रक्कम सढळ हातानें दिलेली आहे. म्हणून त्याचें उत्तर सविस्तर देणें आम्ही आमचें कर्तव्य समजतों.

सरकार देतें हें खरें आहे. २००५ सालीं याच जिल्ह्यांतील डोरली गांवच्या लोकांनीं आपलें सबंध गांव विकावयास काढल्याचें जाहीर केलें होतें. पुढील वर्षीं पावसाळ्याच्या तोंडीं पंतप्रधान मनमोहन सिंग वायफड येथें येऊन गेले, व वर्ध्यासह विदर्भाच्या सहा जिल्ह्यांकरितां ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर झाली. राज्य सरकारनें त्याआधींच, १९ डिसेंबर २००५ व २३ जानेवारी २००६ च्या निर्णयांनीं, मृताच्या वारसांस एक लाख रुपये देण्याचें ठरविलें होतें. त्यांतील ३०,००० रुपये हातीं द्यावयाचे व ७०,००० रुपये पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेंत ठेवावयाचे, अशी रीत घालून दिली. या ठेवीचें व्याज महिन्यास चार-पांचशें रुपयांच्या आंतबाहेर येतें.

परंतु ही रक्कम मृत्यूमुळें मिळत नाहीं; मृत्यूचें कारण कागदांवरून सिद्ध झालें म्हणजे मिळते. जमीन मृताच्या किंवा त्याच्या कुटुंबाच्या नांवें असावी. कर्ज राष्ट्रीयीकृत बँक, सहकारी बँक वा सोसायटी, अथवा परवानाधारक सावकार यांचें असावें. आणि तें फेडतां न आल्यामुळें व वसुलीच्या तगाद्यामुळें जीव दिला असें चौकशींत दिसावें. तलाठ्याचा अहवाल तहसीलदाराकडे व तेथून जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे जातो. समिती प्रकरणावर ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ असा एक शब्द लिहिते. पंचनामा, शवचिकित्सेचा अहवाल, सात-बारा, आठ-अ, थकबाकीचा दाखला, वारसांची नोंद, इतके कागद त्या एका शब्दासाठीं जमवावे लागतात.

पहिला घात पहिल्याच दिवशीं होतो. प्रेत इस्पितळांतून घरीं यावयाचें असतांच पोलीस जबाब घेतात. घाबरलेला बाप किंवा भाऊ, आणखी चौकशी नको, घराची अब्रू जाऊं नये, या बुद्धीनें ‘पोटदुखीस कंटाळून’ असें सांगून मोकळा होतो. तें वाक्य त्याच्या अंगठ्यासह कागदावर राहतें. कांहीं महिन्यांनीं तोच मनुष्य कर्जाची गोष्ट सांगूं लागला, तर समितीनें कोणतें खरें मानावें? अधिकाऱ्यांस आम्ही सरसकट दोष देत नाहीं. खोटीं प्रकरणेंही येतात, आणि सरकारी पैसा पुराव्यावांचून देतां येत नाहीं. तथापि शोकाच्या घटकेस उच्चारलेलें वाक्यच शेवटचें ठरावें, हें आम्हांस न्यायाचें वाटत नाहीं.

दुसरी अडचण व्यापारी सद्गृहस्थांच्या वहीशीं निगडित आहे, म्हणून ती स्पष्ट लिहितों. सोसायटीचें कर्ज थकलें म्हणजे नवें मिळत नाहीं. मृगापूर्वीं बियाणें व खत कृषि-केंद्रांतून उधारीनें येतें, दुखण्याचा व लग्नाचा खर्च एखाद्या ओळखीच्या गृहस्थाकडून भागतो, आणि कापूस निघाला म्हणजे हिशेब व्हावयाचा असतो. मनुष्यास खरा जाच बहुधा याच देण्याचा होतो. पण समितीच्या दृष्टीनें तें कर्जच नव्हे. उधारीची चिठ्ठी कच्ची असते. परवान्यावांचून व्याजानें पैसे देणाऱ्यानें ‘होय, मीं दिले’ असें लिहून द्यावें, तर २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियमाखालीं तोच गुन्हेगार ठरतो. त्यामुळें ज्याच्या हातीं पुरावा, त्याचेंच तोंड बंद.

जमीनधारकांविषयींही असेंच लिहावें लागतें. शेत ठेक्यानें किंवा बटईनें दिलें जातें तें तोंडी. विदर्भासाठीं केलेल्या १९५८ च्या कुळकायद्यानें जमीन हातची जाईल, या भयानें कोणी लिहून देत नाहीं. शेत कसणारा गेला म्हणजे सात-बाऱ्यावर त्याचें नांव सांपडत नाहीं. सारें गांव त्यास कास्तकार म्हणतें, कागद मात्र म्हणत नाहीं.

आमच्या पाहण्यांतील एक प्रकरण सांगतों. गांवाचें व घराण्याचें नांव देत नाहीं. थोरला भाऊ गेला. घरीं वृद्ध आई, वहिनी व दोन मुलें. वहिनीनें कचेरीची पायरी कधीं चढलेली नव्हती. सर्व धांवपळ धाकट्या दिरानें केली, आणि तो स्वतः दुसऱ्याच्या शेतावर मजूर. सात-बाऱ्यावर अद्याप आजोबांचें नांव, म्हणून प्रथम वारसाची नोंद व्हावयास हवी. तीसाठीं आजोबांच्या व वडिलांच्या मृत्यूचे दाखले हवेत. त्यांपैकीं आजोबांचा मिळेना. आधारपत्रावर वहिनीचें नांव सासरचें, बँकेच्या पुस्तकावर माहेरचें. तलाठ्याकडे अनेक गांवें. तो येथें असेल असें कळावें, त्या दिवशीं तो बैठकीस गेलेला. सेतू केंद्रांत जावें, तों यंत्र बंद. प्रत्येक खेपेस एस. टी.चें भाडें व एका दिवसाची मजुरी बुडे. त्यानें मोजल्या त्या खेपा एकोणीस.

त्यांतील दोन खेपा मुद्दाम फुकट घालविल्या असें तो सांगतो. कचेरीचें म्हणणें, अर्जदारास घेऊन या. पण चौकशींत ‘नवरा दारू पीत होता काय, घरांत भांडण होतें काय’ असें चार माणसांदेखत विचारतात, हें त्यास ठाऊक झालें होतें. वहिनीच्या कानावर तें पडूं नये म्हणून त्यानें तिला दोनदां घरींच ठेविलें. शेवटीं निकाल ‘अपात्र’ आला. सोसायटीचें जुनें कर्ज फिटलेलें होतें व उरलेलें देणें दुकानाचें होतें, हें कारण त्यास कोणीं समजावून सांगितलें नाहीं. आम्हीं निकालाची प्रत मागून घेतली तेव्हां तें वाचावयास मिळालें.

अपात्र ठरल्यानें सर्व दारें बंद होत नाहींत, हें फार थोड्यांस ठाऊक असतें. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाचा १८ ते ५९ वर्षें वयाचा कर्ता गेला असल्यास राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेंतून एकदांच २०,००० रुपये मिळतात. निराधार विधवेस संजय गांधी निराधार अनुदान योजनेंतून मासिक अनुदान मिळतें. तें २०२३ सालीं एक हजारांवरून दीड हजार रुपये झालें. त्यासाठीं कुटुंबाचें वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आंत असल्याचा दाखला लागतो. म्हणजे दिवसास ५८ रुपयेही नव्हेत! मुलांस एक वेळ जेवूं घालणारें घर या मर्यादेंत कसें बसावें, याचा विचार मर्यादा घालणाऱ्यांनीं केला असेलच. सर्पदंशानें किंवा वीज पडून गेलेल्या शेतकऱ्याच्या घरीं गोपीनाथ मुंडे यांच्या नांवाच्या अपघात योजनेंतून दोन लाख मिळतात. आत्महत्येस ती योजना लागू नाहीं.

या जिल्ह्यानें १८९६-९७ व १८९९-१९०० चे दुष्काळ पाहिले. १८९१ सालीं सुमारें चार लाख असलेली लोकसंख्या १९०१ च्या खानेसुमारींत तीन लाख पंच्याऐंशी हजारांवर आली. त्या परक्या राज्याची स्तुति करण्याचा आमचा हेतु नाहीं. पण फॅमिन कोडांत काम न होणाऱ्या आंधळ्या, म्हाताऱ्या व अशक्त माणसांची यादी गांवांत जाऊन करण्याची तजवीज तरी होती. आतां ज्याच्यावर आपत्ति कोसळली त्यानेंच यादीकडे चालत जावयाचें आहे, आणि चालण्याचा खर्च त्याचा त्यानें सोसावयाचा आहे.

यास्तव या वर्षीं आम्ही धान्य मागत नाहीं. कृषि-केंद्रवाल्यांनीं प्रत्येक उधारीची पक्की पावती तारखेसह द्यावी, व दुर्दैवानें प्रसंग आलाच तर खात्याचा उतारा सही करून कुटुंबाच्या हातीं द्यावा. समिती तो मानीलच असें आश्वासन आम्ही देऊं शकत नाहीं. परंतु विपत्तीचें कारण त्यावरून दिसतें व फेरविचाराच्या अर्जास आधार होतो. जमीनधारकांनीं वकिलाचा सल्ला घेऊन ठेक्याचा करार लिहून द्यावा. देणगीदारांनीं कुटुंबासमवेत कचेरींत जाणाऱ्या लिहित्या-वाचत्या माणसाचा खर्च उचलावा : गाडीभाडें, छायाप्रती, आणि दिरास, भावास किंवा सासऱ्यास त्या दिवशीं बुडालेली मजुरी. ज्यास रोख देणें रुचत नसेल, त्यानें आपला जाणता मुनीम महिन्यांतून दोन दिवस द्यावा. तहसील कचेरींत कोणता कागद कोणत्या टेबलावर अडतो हें मुनीम लोकांस आमच्याहून अधिक कळतें.

वर सांगितलेल्या वहिनीचा संजय गांधी योजनेचा अर्ज आम्हीं दिरासमवेत जाऊन दाखल केला आहे. बँकेच्या पुस्तकावरील नांव बदलून झालें. आजोबांच्या मृत्यूच्या दाखल्यासाठीं जुन्या कोतवाल बुकांत शोध चालू आहे. तालुका समितीची बैठक अद्याप व्हावयाची आहे, आणि उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत ३१ मार्च रोजीं संपते.